आप्पांची गाडी निवेपर्यंत

दौंडला आमच्या गल्लीत आप्पांची गाडी शिरायच्या आधी तिचा वास शिरायचा. तापून तापून करपायला आलेल्या ऑइलचा वास. तो आला की मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात धावायचे. शेजारणी नाकाला पदर लावायच्या आणि म्हणायच्या, आला बाई हिचा बाप. आजही एखाद्या जुन्या ट्रकमागून तसला वास आला की माझी मान आपोआप वळते. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण मान काही ऐकत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. राहायला कवठे येमाईला. आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, आप्पांच्या पिढीत घर एका जागी टेकलं आणि शेती आली. पण शेतात पाय रोवायच्या आधी आप्पांनी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे बरीच वर्षं ड्रायव्हरकी केली. बाईंच्या नवऱ्याला गाड्यांचा भारी शौक. त्यांनी हौसेनं घेतलेली एक परदेशी गाडी होती. रेसच्या गाड्यांच्या जातीची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. नवरा गेल्यावर बाईंनी ती विकली नाही. म्हातारपणी लेकाकडे परदेशी जाताना त्यांनी किल्ली आप्पांच्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, की हिला भंगारात घालू नकोस. आप्पांनी ती गावी आणली आणि छपरात बैलांच्या शेजारी उभी केली. रंग मूळचाच भंडाऱ्यासारखा पिवळा, त्यामुळे दसऱ्याला तिच्यावर भंडारा उधळला तरी दिसायचा नाही.

गाडीचं सगळंच उलटं होतं. इंजिन मागं आणि डिकी पुढं. गावातले म्हणायचे, आप्पाची गाडी पायाळू हाय. शिवाय तिला पाणी लागत नसे. रेडिएटरच नव्हता. वारा आणि ऑइल, या दोघांवर ती थंड व्हायची. रस्त्यात थांबली की कुणीतरी भला माणूस विहिरीवरून कळशी भरून आणायचा, आणि आप्पा त्याला समजावत बसायचे की बाबा, ही पाणी पीत नाही. माणसाचा विश्वास बसायचा नाही. मग त्याचं मन मोडू नये म्हणून आप्पा त्यातलं पाणी स्वतः प्यायचे.

आता आमच्या घरातली गोष्ट. जुन्या माणसांत तेव्हा एक रीत होती, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. आप्पा रीतीला पक्के. मला ती रीत तेव्हाही आवडायची नाही आणि आजही आवडत नाही. आई मी शाळेत असतानाच गेली होती, भाऊबहीण नाही, म्हणजे माहेर काय ते आप्पाच. आणि मला मूल व्हायला फार वर्षं गेली. नवरा शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मी सासू-सासऱ्यांजवळ दौंडला. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. फोन गल्लीच्या टोकाला किराणा दुकानात होता आणि दुकानदाराचे कान त्या फोनपेक्षा मोठे होते.

लग्नानंतर आप्पा पहिल्यांदा आले ते एसटीनं. दारात उभे राहिले. बाजरीची पिशवी आत दिली, टोपी सारखी केली, बरी आहेस ना म्हणाले. मी बरी आहे म्हणाले. बसा म्हटलं तर ओट्याच्या कडेला टेकल्यासारखं केलं. तहानलेला माणूस, ओठ सुकलेले, आणि माझ्या घरात माठ भरलेला. लेकीच्या दारात फार वेळ बसलं की पाणी घ्या, चहा घ्या सुरू होतं, आणि नाही म्हणताना समोरच्याचा अपमान होतो, म्हणून लवकर उठायचं, असा त्यांचा हिशोब. येतो मग, असं म्हणून ते निघालेसुद्धा. मी आत जाऊन रडले आणि मग रागानं त्या बाजरीची पिशवी जोरात आपटली. पिशवीचा काय दोष म्हणा.

पुढच्या खेपेला ते गाडी घेऊन आले. शिरूर सोडलं, न्हावरा मागे पडलं, भीमेवरचा पूल ओलांडला, केडगाव आलं, आणि तिथून पुढं ऑइलचा काटा चढत गेला तो आमच्या गल्लीत येईपर्यंत लाल पट्टीला भिडला. आप्पांनी मागचं झाकण उघडलं. इंजिनावरची हवा थरथरत होती. म्हणाले, आता निवल्याशिवाय हिला हलवता यायची नाही.

आणि ते बसले. ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, नीट बसले.

मला कळेना हात कुठं ठेवावेत. मी सूप आणि शेंगा घेऊन आले. आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो. हाताला काम असलं की आप्पांची जीभ सुटायची. आईबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं त्या ओट्यावर ऐकलेलं आहे. आई या गाडीला घाबरायची. एकदाच बसली होती, तेव्हा शिरूर येईपर्यंत डोळे मिटून, दोन्ही हातांनी सीट धरून होती आणि येळकोट येळकोट म्हणत होती. हे सांगताना आप्पा इतके हसले की त्यांच्या मांडीवरची फोलपटं उडाली. दुपार झाल्यावर त्यांनी आपली शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी मला दिली. बापानं लेकीचं खायचं नाही, पण लेकीनं बापाचं खाल्लेलं चालतं, असला हा न्याय. मी सासरच्या ओट्यावर बसून माहेरची भाकरी खाल्ली, आणि तशी भाकरी मला परत कधी जमली नाही.

ऊन उतरलं तेव्हा आप्पांनी इंजिनजवळ हात नेऊन पाहिला आणि म्हणाले, निवली. तो शब्द मला नकोसा व्हायचा.

त्यानंतर दर महिना-दोन महिन्यांनी हेच. गाडी तापायची, आप्पा बसायचे, माझी एक दुपार माहेरी जायची. गाडीत काहीतरी बिघाड आहे हे मला कळत होतं. पण बिघाड दुरुस्त व्हावा असं मला चुकूनही वाटलं नाही.

मामांना मात्र तो बघवत नव्हता. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. सगळी हयात डिझेल इंजिनांत गेलेली. भरघोस मिशी, आणि तिच्यापेक्षा भरघोस अभिमान. आपल्या हातचं काम कधी उसवलं नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी यायचंच. घरातली शिलाई मशीन बिघडली तरी दोष दोऱ्याचा असायचा, मामांचा नव्हे. आत्या म्हणायच्या, ह्यांच्या हातून चूक व्हायला दुसरा जन्म घ्यावा लागंल. आप्पांची ते मजेत थट्टा करायचे. म्हणायचे, "गाडी बी पाणी पीत न्हाई आन् मालक बी. जोडी जमलीय." पण झाकणाला हात लावायचे नाहीत. व्याह्याची वस्तू, त्यांनी सांगितल्याशिवाय कसं बघायचं, असं त्यांचं म्हणणं. आप्पा तर मुलीकडचे. ते कसले सांगतायत.

मग घोटाळा झाला तो शिरूरला. आप्पांच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता, ट्रक आणि जिपा दुरुस्त करणारा. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि सांगितलं, ऑइलच्या पाइपात थर्मोस्टॅट आहे, तो काढून टाकू. तेव्हा हे सगळीकडेच चालायचं. जिपा असोत की टेम्पो, थर्मोस्टॅट दिसला की काढायचा. आपल्याकडं थंडी कुठाय, असं म्हणायचं आणि फेकून द्यायचं. त्यानं त्याची घडी, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, उघडली, आतला पितळी भाग काढला आणि रिकामी घडी परत बसवली. आप्पांनी तो भाग फेकला नाही, अॅल्युमिनियमच्या डबीत घालून ठेवला. मेंढपाळाचं घर, तुटकी दोरीसुद्धा टाकायचं नाही.

आणि गाडी आणखीच तापायला लागली. आधी निदान दौंडपर्यंत यायची, आता न्हावऱ्यालाच लाल. एकदा आप्पा तिथूनच माघारी गेले. मग पुन्हा एसटी सुरू झाली. एसटीनं आलेले आप्पा म्हणजे दारातले आप्पा. परतीची गाडी चुकेल म्हणून एक डोळा रस्त्यावर. पिशवी दिली, टोपी सारखी केली, येतो मग. शेंगांचं सूप आतच राहायचं.

मी धीर करून मामांना विचारलं, आप्पांची गाडी तुम्ही बघाल का. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की गाडी चालू झाली की आप्पा पुन्हा ओट्यावर बसतील. पुढचा विचार मी केलाच नाही. मामांनी मिशीवरून हात फिरवला. सुनेनं शब्द टाकला म्हणजे आता व्याह्याच्या मानापमानाचा प्रश्न नव्हता. ते कधीचे वाटच बघत होते.

हिवाळा होता. आप्पा पहाटेच्या गारठ्यात निघाले आणि थांबत थांबत, दर थांब्याला गाडी निववत दौंडला पोचले. सोबत ती डबी होती. मामांनी डबीतला भाग हातात घेऊन वळवून पाहिला आणि सरळ स्वयंपाकघरात आले. आत्यांचं दुधाचं पातेलं त्यांनी उचललं, पाणी भरलं, गॅसवर ठेवलं आणि बटाटा उकडावा तसा तो पितळी तुकडा त्यात सोडला. आत्या भांडायला उठल्या. मामा म्हणाले, थांब जरा, परीक्षा चाललीय. पाणी खळाखळा उकळलं. आम्ही चौघं पातेल्यावर वाकून बघत होतो. तुकडा जसाच्या तसा.

"मेला हाय ह्यो," मामा म्हणाले. मग आप्पांना समजावून सांगितलं. "पाव्हणं, ह्यो म्हंजी रूळ बदलणारा सांधेवाला. त्येल गार आसंल तवा जवळच्या रुळानं माघारी लावायचं. तापलं की आतलं मेण फुगतंय, ह्यो लांब व्हतोय, जवळचा रूळ बंद करतोय, आन् त्येल लांबच्या रुळानं पार पुढं जातंय, वारा खाऊन गार व्हाया. तुमच्या मेकॅनिकनं सांधेवालाच घरी धाडला. मग समदं त्येल जवळच्याच वाटंनं गरागरा फिरतंय."

पुढच्या चाकाजवळ, मडगार्डच्या आत, ऑइल थंड करणारी जाळी होती. आप्पांनी हात लावून पाहिला. इंजिनाची भट्टी झालेली आणि ही जाळी गारढोण. इतकी वर्षं गाडी चालवून आपल्याला हे कसं सुचलं नाही, म्हणून आप्पा स्वतःवरच हसले.

नवा थर्मोस्टॅट आपल्याकडं मिळणं शक्य नव्हतं. नवऱ्याच्या कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर यायचा. नवऱ्यानं त्याला तो पितळी तुकडा दाखवला आणि गाडीचं वर्णन केलं. तो माणूस म्हणे खुर्चीतून उठूनच उभा राहिला. कांद्याच्या शेताशेजारी अशी गाडी आहे यावर त्याचा विश्वास बसेना. पुढच्या फेरीला त्यानं घडीसकट नवा थर्मोस्टॅट आणला, लोकरी मोज्यात गुंडाळून. तो मोजा आत्यांनी पुढं कित्येक वर्षं मुसळाच्या मुठीला घातला होता.

बसवायचं काम सोपं नव्हतं. जुन्या घडीचे नट पाइपांवर असे चिकटले होते, की जणू एकत्रच ओतलेले. शिरूरचा मेकॅनिक तिथं अडला म्हणूनच त्यानं नुसतं पोट रिकामं केलं होतं. मामांनी हातोडी जवळ येऊ दिली नाही. रॉकेल चोळायचं, चिंधी गुंडाळून ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत चोळायचं. गाडी आठवडाभर आमच्या दारात होती आणि आप्पा एसटीनं रोज येऊन-जाऊन करत होते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती, आणि दोघं आप्पांची घोंगडी अंथरून तिच्याखाली उताणे झोपायचे. एका पान्यानं घडी घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा, नाहीतर पाइप पिळवटतो. धरायचं काम आप्पांचं, फिरवायचं मामांचं. दोन म्हातारे गाडीखाली शेजारी शेजारी, बाहेर नुसते चार पाय. गल्ली जाता-येता बघायची.

मामांना तासातासाला चहा लागायचा. त्या आठवड्यात ते चहा प्यायला मागच्या दारी जायचे. पाहुणा समोर कोरड्या तोंडानं बसलेला असताना आपण बशी फुर्रकन ओढायची, हे त्यांना जमायचं नाही. आप्पांना ते कळत होतं. ते मुद्दाम पाठ फिरवून बसायचे.

शेवटी नट हलला. मामांनी गाडीखालूनच अशी आरोळी ठोकली की आत्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. नवी घडी बसली, ऑइल भरलं, आणि दोघं केडगावपर्यंत जाऊन आले. परत आले ते उन्हातून, आणि काटा मधोमध उभा. पुढच्या जाळीला हात लावला तर चटका. मामांनी गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आता ह्यो काटा लालला गेला तर मिशी उतरवीन." आप्पांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मीही खूश होते. सगळ्यांना पेढे वाटावेत असं वाटत होतं.

महिन्यानं आप्पा आले. वास आला नाही, म्हणून मला कळलंच नाही. हॉर्न वाजला तेव्हा बाहेर आले. गाडी झकास उभी होती. आप्पांनी पुढची डिकी उघडली, मेथी दिली, शेंगा दिल्या, बरी आहेस ना म्हणाले. मी सूप आणायला आत वळले. परत आले तर ते गाडीत बसलेले होते. काचेतून म्हणाले, उजेडात पोचतो. गाडी आता काही बोलत नव्हती, तर थांबायचं कशासाठी? रिकामं सूप हातात घेऊन मी दारात उभी राहिले आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याच हातानं आपलं माहेर दुरुस्त करून घेतलं होतं मी. त्या रात्रीच्या जेवणाला मी भाजीत मीठ घालायचं विसरले. मामा माझ्याकडं बघत राहिले, आणि अळणी भाजी मुकाट्यानं खाल्ली. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

त्याच्या पुढच्या खेपेचा दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळचीच वेळ. गाडी आली, थांबली, आणि आप्पा उतरून मागं गेले. त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभे राहिले. वास नव्हता. हवा थरथरत नव्हती. गल्लीतले दोघंतिघं जमले. कुणीतरी विचारलं, काय झालं आप्पा. आप्पा म्हणाले, "तापल्यावानी वाटतीया." त्यांना खोटं बोलता येत नसे. मान खाली गेली होती आणि कान लाल झाले होते.

मामा ओट्यावर पेपर वाचत होते. उठले. सरळ पुढच्या चाकाकडं गेले, वाकले आणि मडगार्डच्या आत हात घातला. जाळी गरम असणार, म्हणजे थर्मोस्टॅट चोख काम करत असणार. हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग त्यांनी दार उघडून काट्याकडं पाहिलं. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. काटा मधोमध होता, त्यांनी उभा केला होता तिथंच. मामांनी दार लावलं. आप्पांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. हा माणूस आता खरं सांगणार, आणि आप्पा तोंड लपवून निघून जाणार, असं मला वाटलं.

"तापलीय की, पाव्हणं," मामा म्हणाले. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "लई तापलीय. माझ्याच हातनं बसवताना चूक झाली. निवल्याबिगर हलवू नगा."

कुणीतरी हसलं. पेपरवाला असेल, नाहीतर समोरचा गिरणीवाला. म्हणाला, मग मिशीचं काय मामा?

"मिशीचं उद्या बघू," मामा म्हणाले. "आज पाव्हणं हायेत."

आणि ते आप्पांच्या शेजारी ओट्यावर बसले. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. मी आत गेले, सूप घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि शेंगा घेऊन बाहेर आले. तिघांनी मिळून फोडल्या.

मिशी काही मामांनी उतरवली नाही, पण आपल्या हातचं काम उसवत नाही हे वाक्य मात्र त्यानंतर त्यांनी गल्लीत कधी म्हटलं नाही. आप्पा जेव्हा जेव्हा आले तेव्हा गाडी तापलेलीच असायची, आणि ती निवली का हे बघायला मामाच उठायचे. ऊन उतरेपर्यंत ते सांगायचे, अजून न्हाई.